हाताची शस्त्रक्रिया झाल्यानंतर: घरातला रोजचा दिवस

हातावर किंवा दंडावर शस्त्रक्रिया झाली की रुग्णालयातला मुक्काम बहुधा एक-दोन दिवसांचाच असतो. पुढचे दीड ते तीन महिने घरी जातात. हात पुन्हा किती वळेल आणि किती पकड देईल, याचा मोठा भाग या घरच्या दिवसांत ठरतो. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत अशा दुखापती मुख्यतः शेत, कारखाना आणि रस्ता इथून येतात. विळ्या-कोयत्याने बोटाची शीर, म्हणजे बोट हलवणारा स्नायूचा दोर, तुटते. पावसाळ्यात शेवाळलेल्या बांधावर किंवा अंगणात हातावर पडून मनगट मोडते. खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या कारखान्यात यंत्राखाली बोटे सापडतात, आणि चौकवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर दुचाकी घसरून हाताची हाडे मोडतात. मनगटातली नस दाबली गेल्याने किंवा बोट अडकू लागल्याने ठरवून केलेल्या शस्त्रक्रियाही असतात. शस्त्रक्रिया कोणतीही असो, घरी आल्यावरच्या अडचणी बऱ्याचशा सारख्याच असतात. पुढे दिलेली माहिती सर्वसाधारण आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले असेल तर तेच पाळायचे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येत असेल तर ती लावणीच्या किंवा कापणीच्या तोंडावर घेऊ नये. जुलैत खाचरात उतरण्याची ओढ आवरत नाही, आणि ऑक्टोबरात भात उभे असताना घरात बसवत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला केलेली शस्त्रक्रिया पावसाआधी बरीचशी भरून येते. रुग्णालयात जाण्यापूर्वी त्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या, कडे, दोरे सगळे काढावे. सूज आली की अंगठी निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. हिरव्या बांगड्या काढायला घरात कोणी अवघडत असेल, तर त्या दुसऱ्या हातात भरता येतात. जमल्यास चार दिवस आधीपासून दुसऱ्या हाताने दात घासण्याची आणि चमच्याने जेवण्याची सवय करावी. रोज लागणाऱ्या वस्तू फळीवरून उतरवून कमरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात.

पहिले तीन दिवस

या दिवसांतली मोठी अडचण म्हणजे सूज. हात खाली लोंबत राहिला की सूज वाढते, सुजेने बोटे आखडतात आणि आखडलेली बोटे सोडवायला पुढे महिने लागतात. म्हणून पंजा कोपराच्या वर आणि कोपर छातीच्या पातळीला, अशी हाताची जागा असावी. झोपताना शेजारी दोन उश्या किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून हात त्यावर टेकवावा. हात गळ्यात अडकवायची बाजारातली झोळी बहुतेक वेळा सैल बांधली जाते आणि पंजा कोपराखाली लोंबतो. मग झोळी असून उपयोग होत नाही. झोळी चालताना आणि गर्दीत जाताना वापरावी. घरात बसल्यावर ती काढून हात उशीवर घ्यावा. दिवसभर झोळीत अडकवलेला खांदा आणि कोपरही आखडतात, विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसांचे.

बगलेत किंवा मानेजवळ इंजेक्शन देऊन केवळ हात बधिर केला असेल तर तो बधिरपणा बारा ते चोवीस तास, कधी थोडा अधिक टिकतो. तेवढा वेळ हात कुठे आहे हेही रुग्णाला कळत नाही. चूल, गरम भांडे, दाराची फट यांपासून त्याला घरच्यांनी जपायचे. बधिरपणा पूर्ण उतरण्याआधीच वेदनेची पहिली गोळी घेतली तर रात्र बरी जाते.

दिवसातून चार-पाच वेळा बोटांची तपासणी करावी. नख दाबले की ते पांढरे पडते आणि सोडले की साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. तसे होत असेल तर रक्त पोहोचते आहे. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर हे कळत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी नखांना मेंदी लावू नये आणि नेलपॉलिश काढून टाकावे. बोटे निळी किंवा पांढरी पडणे, गार पडणे, बधिरपणा उतरल्यावर पुन्हा मुंग्या येणे, गोळी घेऊनही वेदना वाढत जाणे, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी असह्य कळ येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. प्लॅस्टर किंवा पट्टी आतून आवळली गेली असेल तर काही तासांत स्नायू मरू लागतात. अशा वेळी १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. चौकचे ग्रामीण रुग्णालय, कर्जत किंवा पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठून निदान पट्टी सैल करून घ्यावी आणि मग शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी जावे. ताप, पट्टीतून येणारा वास, पू, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. तीही त्याच दिवशी दाखवावीत.

प्लॅस्टर आणि पाऊस

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर घरातली हवासुद्धा ओली असते. साधे प्लॅस्टर भिजले की मऊ पडते आणि हाडाचा आधार जातो. फायबरचे प्लॅस्टर बाहेरून पाण्याला टिकते, पण आतला कापूस भिजला की कातडी पांढरी पडून सोलवटते. बाहेर पडताना छत्रीवर विसंबू नये. जाड प्लॅस्टिकची लांब पिशवी कोपरापर्यंत चढवून वरचे तोंड टेपने बंद करावे. घरी आल्यावर ती लगेच काढावी, कारण आत घाम साचतो. ओलसर झालेले प्लॅस्टर चुलीजवळ धरून वाळवू नये. भाजले तरी आत कळत नाही. पंख्याखाली बसावे, आणि तरी ओल राहिली तर प्लॅस्टर बदलून घ्यावे.

आत खाज सुटली की झाडूची काडी किंवा पेन घालायचा मोह होतो. त्याने आतली कातडी फाटते, आणि ती जखम कोणाला दिसत नाही. बाहेरून टिचक्या मारल्या, वर पिशवीत गुंडाळलेला बर्फ ठेवला किंवा पंख्यासमोर बसले की खाज बरीच कमी होते. बोटांच्या बेचक्या मात्र रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात.

मोरी आणि संडास

जेवायला उजवा आणि धुवायला डावा ही आपली विभागणी लहानपणापासून इतकी भिनलेली असते, की एक हात बंद झाला की शरीराइतकेच मनही अडते. उजव्या हातावर शस्त्रक्रिया झाली तर डाव्याने घास घ्यावा लागतो. डाव्यावर झाली तर उजव्याने शौचाची स्वच्छता करावी लागते. पुष्कळ रुग्ण यासाठी पोटभर जेवत नाहीत, पाणी कमी पितात आणि संडासला जाणे टाळतात. वेदनेच्या काही गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठता होते, त्यात ही भर पडते. आजारपणात या कामांची अदलाबदल करण्यात गैर काहीही नाही. घरातल्या मोठ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितले, तर रुग्णाचा निम्मा संकोच तिथेच जातो.

खरी अडचण तांब्याची आहे. तांब्या एका हाताने ओतायचा आणि दुसऱ्याने धुवायचे असते. एकच हात उरला की दोन्ही जमत नाही. जेट स्प्रे असेल तर पाण्याच्या जोरानेच स्वच्छता होते. नळ असेल तर त्याला रबरी नळीचा तुकडा लावून ती योग्य उंचीवर भिंतीला बांधता येते, म्हणजे पाणी वाहत राहते आणि हात मोकळा राहतो. नळच नसेल, आणि वाड्यांमध्ये बऱ्याच घरी तो नसतो, तर तोटी असलेला छोटा प्लॅस्टिकचा पिंप मागे विटांवर ठेवावा. तेही नसेल तर झाकणाला चार-पाच भोके पाडलेली पाण्याची बाटली दाबून धार सोडावी आणि नंतर ओल्या कागदी रुमालाने पुसावे.

उकिडवे बसायच्या संडासात उठताना हाताचा जोर लागतो आणि घाईत दुखरा हात टेकला जातो. चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत दांडा बसवावा, किंवा मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची आणावी. पनवेल, कर्जत, खोपोलीच्या औषध दुकानांत अशा खुर्च्या मिळतात, काही ठिकाणी भाड्यानेही देतात. फरशीवर पाणी राहू देऊ नये. मोडलेल्या मनगटावर दुसऱ्यांदा पडणे परवडणारे नसते.

एकटा हात स्वतःला धुऊ शकत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बेसिनच्या काठाला किंवा मोरीच्या दगडावर घासणीचा तुकडा पक्का चिकटवून त्यावर साबण ओतावा. तळवा, बोटे आणि नखे त्यावर निदान वीस सेकंद घासावीत. दोन्ही कामे एकच हात करत असेल तर नखे अगदी लहान ठेवावीत आणि जेवताना चमचाच वापरावा. त्या हाताची नखे रुग्णाला कापता येत नाहीत, ती दुसऱ्याने आठवड्याला कापून द्यायची.

अंघोळ स्टुलावर बसून करावी. बादली दुसऱ्याने भरून स्टुलाजवळ ठेवावी आणि तांब्या लहान घ्यावा. पाण्याचा चटका चांगल्या हाताने पाहावा. शस्त्रक्रियेच्या हाताला पिशवी बांधली तरी तो पाण्याबाहेरच, वर धरावा. त्या बाजूची बगल धुण्यासाठी थोडे पुढे वाकून हात सैल सोडला की बगल आपोआप उघडते. खांद्याची शस्त्रक्रिया असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच. चांगल्या हाताच्या पुढच्या भागापर्यंत आणि कोपरापर्यंत तोच हात पोहोचत नाही. त्यासाठी साबण लावलेले पंचाचे कापड मांडीवर पसरून त्यावर हात घासायचा. केस धुणे आणि वेणी घालणे हे दुसऱ्याचे काम. ते रोज मागावे लागू नये, म्हणून घरात कोणी करायचे हे ठरवून टाकलेले चांगले. मासिक पाळीच्या दिवसांत पॅडची पाकिटे आधीच फोडून हाताशी ठेवावीत. बांधायच्या कापडापेक्षा चिकटणारे पॅड एका हाताने सोपे जाते.

कपडे

नियम एकच आहे: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. पुढून उघडणारा, सैल बाह्यांचा सदरा किंवा गाऊन लागतो. ब्लाउजची बाही प्लॅस्टरवरून जात नाही. एखाद्या जुन्या ब्लाउजची बाही शिवणीवर उसवून तिथे नाड्या किंवा चिकटपट्टी लावून घेतली की काम भागते. परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही, तिथे इलॅस्टिक घालावे. नऊवारी तर दोन हातांशिवाय नेसताच येत नाही. आयुष्यभर लुगडे नेसलेल्या आजीला गाऊन घालायला लावणे तिला जड जाते, तिच्यासाठी शिवलेले तयार लुगडे मिळते किंवा शिंपी शिवून देतो. पुरुषांनी लुंगी आणि पट्ट्याची पँट बाजूला ठेवून इलॅस्टिकचा पायजमा घालावा. पायात बंदाचे बूट नकोत, पण सुटी, घसरणारी चप्पलही नको.

जेवण आणि गोळ्या

ताटाखाली ओले फडके घातले की ताट सरकत नाही. काठ असलेले ताट किंवा खोलगट वाडगा घ्यावा. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून दिली तर चमच्याने खाता येते. मासळीचे काटे मात्र दुसऱ्याने काढून द्यावेत. जखम आणि हाड भरून यायला प्रथिने आणि कॅल्शियम लागते, आणि ते या भागातल्या स्वयंपाकघरात आहेच: नाचणी, कुळीथ, डाळी, अंडी, सुकट, शेवग्याचा पाला. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्राम कॅल्शियम असते. भात खाल्ला की पू होतो, आंबट खाल्ले की जखम चिघळते, अंडे उष्ण पडते अशा समजुतींनी रुग्णाला पेजेवर ठेवले जाते, आणि नेमके गरजेच्या वेळी त्याला प्रथिने मिळत नाहीत. या पथ्यांना आधार नाही. मधुमेह असेल तर साखर मात्र काटेकोर आटोक्यात ठेवावी. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करावी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जोडलेल्या बोटाला ते थेट घातक ठरू शकते आणि हाडही उशिरा जुळते.

गोळ्यांची पाकिटे एका हाताने फुटत नाहीत आणि मग दात लावले जातात. घरच्यांनी दिवसाच्या गोळ्या सकाळीच काढून झाकणाच्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

हलवायचे काय आणि जपायचे काय

याबाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. काहीजण भीतीने सगळाच हात महिनाभर हलवत नाहीत. काहीजण चार दिवसांत बरे वाटते म्हणून बादली उचलतात. जो सांधा बांधलेला नाही तो पहिल्या दिवसापासून हलवायचा, हे बहुतेक शस्त्रक्रियांना लागू आहे. मनगट प्लॅस्टरमध्ये असेल तर बोटे पूर्ण मिटणे आणि उघडणे, कोपर वाकवणे, हात डोक्यावर नेणे हे दर तासाला काही वेळा करावे. शीर जोडली असेल तर मात्र गोष्ट उलटी आहे. तिथे फिजिओथेरपिस्टने दाखवलेली हालचाल, दाखवलेल्या पट्टीतच आणि दाखवली तेवढीच करायची. जोडलेली शीर पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात नाजूक असते. पट्टी साधारण सहा आठवडे राहते आणि जड काम बारा आठवड्यांपर्यंत नको. एकदा पट्टी काढून बांगडी चढवली किंवा मोबाईल पकडला, तेवढ्यानेही ती पुन्हा तुटू शकते. ताकद यावी म्हणून घरोघरी रबरी चेंडू दाबायला दिला जातो. डॉक्टरांनी सांगेपर्यंत चेंडू दाबू नये.

हाडवैद्याकडून चोळून घेणे आणि लेप लावून घट्ट पट्ट्या बांधणे हे टाळायलाच हवे. कोपराजवळची दुखापत चोळली की स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा अडकू शकतो. बांबूच्या पट्ट्यांनी आवळलेला हात काळा पडून तो कापावा लागण्याचीही वेळ येते. जखमेवर हळद, राख किंवा तंबाखू लावू नये.

हाताचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. ते आणि मधली पट्टी बदलणे जवळच्या सरकारी रुग्णालयात करता येते का, हे घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घ्यावी, म्हणजे शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली तरी प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. फिजिओथेरपी मात्र चुकवू नये. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने जे. जे., के. ई. एम. किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जाता येते. हाताच्या पुनर्वसनासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आहे. लोकलची गर्दीची वेळ टाळावी. एसटीत दुखरा हात खिडकीकडे ठेवून बसावे, म्हणजे ये-जा करणाऱ्यांचा धक्का लागत नाही, पण तो खिडकीबाहेर टेकवू नये. प्लॅस्टर असताना दुचाकी चालवू नये. मागे बसतानाही पकडायला एकच हात असतो, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

घर, शेत आणि कारखाना

रुग्ण घरातली बाई असेल तर विश्रांती सगळ्यात आधी मोडते. विळीवर भाजी चिरायला दोन हात लागतात, एका हाताने चिरताना पात्याकडे बोट जाते. पाटावर दोन स्टेनलेस स्टीलचे खिळे उलटे ठोकून बटाटा, कांदा त्यात रोवला की सुरीने चिरता येतो. पण कणीक मळणे, भाकरी थापणे, भरलेला कुकर उतरवणे, हातपंपावरून हंडा आणणे ही कामे डॉक्टर सांगेपर्यंत दुसऱ्यांनीच करायची आहेत. कोण कोणते काम करणार, हे शस्त्रक्रियेआधी बसून ठरवले नाही तर तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहते. लहान मूल कडेवर घेऊ नये, बसून मांडीवर घ्यावे.

जखम पूर्ण मिटेपर्यंत, आणि हाडात घातलेल्या तारा कातडीबाहेर असतील तर त्या निघेपर्यंत, चिखलात आणि शेणात हात घालू नये. खाचरातल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. विळ्याने किंवा मातीत जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन दिले की नाही, याची खात्री करावी. आवण काढणे आणि लावणी ही तासन्‌तास मनगट वाकवून करायची कामे आहेत. मनगटाच्या नसेच्या शस्त्रक्रियेनंतर हलकी कामे काही आठवड्यांत जमतात, पण पकडीची ताकद परतायला दोन-तीन महिने लागतात. मनगटाचे हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते, कोपर ते मनगट यांमधली हाडे जुळायला मोठ्या माणसात तीन महिनेही लागतात. झोडणी आणि पेंढ्याचे भारे त्यानंतरच.

कारखान्यात काम करताना दुखापत झाली असेल तर अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी व्हावी आणि तिची प्रत जपावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर अशा दुखापतीत काम बंद असलेल्या काळासाठी सरासरी मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो. बाकीच्यांनी शस्त्रक्रियेआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. रेशन दुकानात अंगठा लागतो तेव्हा बांधलेल्या बोटाऐवजी दुसरे बोट चालते, किंवा शिधापत्रिकेवर नाव असलेला घरातला दुसरा माणूस जाऊ शकतो.

पट्टी निघाल्यावर

प्लॅस्टर निघाल्यावर हात बारीक, कोरडा आणि कडक दिसतो. कोमट पाण्यात बुडवून बोटे हलवावीत. टाके निघून जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, व्रणावर खोबरेल लावून अंगठ्याने दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे हळू चोळावे. हे व्रण मऊ करण्यापुरतेच असते, सांध्यावर जोर द्यायचा नाही. लाल, जाड व्रण फिका पडायला सहा महिने ते वर्ष लागते, तोवर तो उन्हात उघडा ठेवू नये. टाके निघून बरेच दिवस झाल्यावरही हात सुजलेला, चमकदार आणि घामट राहिला आणि साध्या स्पर्शानेही आग होत असेल, तर ते दुखणे मनाचे समजू नये. हा उपचार लागणारा विकार असतो आणि लवकर दाखवला तर आटोक्यात येतो.

नस जोडली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापाशी तुटलेल्या नसेची जाणीव बोटाच्या टोकापर्यंत यायला त्यामुळे अनेक महिने लागतात. तोवर बधिर बोटांनी चहाचा पेला, तवा, विडी किंवा चुलीतले लाकूड धरू नये, आणि रोज रात्री उजेडात बोटे सगळ्या बाजूंनी पाहावीत. न कळता झालेला फोड त्याच वेळी सापडला तर साध्या पट्टीने बरा होतो. हिवाळ्यात पहाटे अशी बोटे दुखतात आणि पांढुरकी पडतात, तेव्हा लोकरीचा हातमोजा घालावा. हा त्रास पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत जास्त जाणवतो.